आदी जेव, मग भांडू

२०२३ साल होतं आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, तेव्हा रोह्याचा सायकलवाला भर दुपारी माझ्या ओटीवर येऊन म्हणाला, "मिठागऱ्या, आपलं रीळ सापडलं."

मी त्याला आधी पाणी दिलं. रोह्यावरून गाडीने पेणला उतरून, तिथून रिक्षाने आमच्या खाडीकाठच्या गावात आला होता आणि गुडघे धरून बसला होता. मी तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "कुठलं रीळ?"

"कुठलं काय? एकच तर गेलंय."

आतून खाटेवरून माझी बायको बोलली, "व्हय."

"बघ, वैनी पण व्हय म्हणते," सायकलवाला खूश झाला.

"ती सगळ्यालाच व्हय म्हणते," मी म्हणालो. "पाणी पी."

त्या रिळाचं सांगायचं तर आधी पिक्चरचं सांगायला पाहिजे. नाव मी लिहीत नाही. आमच्याकडे त्याला कोणी नावाने बोलवलंच नाही. 'आपला पिक्चर' म्हटलं की पेणपासून रोह्यापर्यंत खाडीकाठच्या म्हाताऱ्यांना कळतं. मुंबईत तो पडला. थेटरात आला तसा गेला. पेपरवाल्यांनी नावं ठेवली म्हणे. ठेवू देत. त्यांनी कधी उधाणाच्या पाण्यात होडी घातली होती?

गोष्ट साधी. एक नावाडी, एक त्याची बायको आणि एक खोत. खोत भर वादळात नावाड्याला खाडीपार धाडतो. बायको कंदील घेऊन बांधावर उभी राहते. पुढे खोताची जिरते आणि शेवट गोड होतो. एवढंच. पण त्यातला नावाडी आमच्यासारखं वल्हं धरायचा, आणि त्याची बायको आमच्या बायकांसारखी चिखलातून चालायची, पायाच्या अंगठ्याने जमीन चाचपत. पडद्यावर आम्ही आम्हाला पहिल्यांदा बघितलं. त्याच्या आधी पिक्चरमधले गरीबसुद्धा इस्त्रीचे कपडे घालायचे.

तेव्हा तंबूचा सिनेमा होता. दिवाळी झाली की तंबूवाला यायचा आणि जत्रा-जत्रांनी फिरायचा. आज पेण, मग वडखळ, मग कासू, नागोठणे, शेवटी रोहा. आम्ही पोरं दिवसभर मिठागरात मीठ ओढायचो आणि संध्याकाळी तंबूच्या मागे चालत जायचो. तोच पिक्चर. लोक विचारायचे, काल बघितला ना? मी म्हणायचो, काल जेवलो पण होतो.

शाळा माझी तिसरीत सुटली. वाचायला मी ह्या पिक्चरवर शिकलो. सुरुवातीला पडद्यावर नावं यायची, रोज तीच, त्याच जागी. त्यामुळे मला 'दिग्दर्शन' आधी वाचता आलं आणि 'बदक' नंतर. मला त्याची लाज नाही. हे जे लिहितो आहे ते त्याच अक्षरांनी.

हळूहळू त्या पिक्चरचे रिवाज पडत गेले. खोत पडद्यावर आला की मूठभर खडं मीठ पडद्यावर मारायचं, दृष्ट काढावी तसं. हे आम्ही पेणवाल्यांनी काढलं. रोहेवाले म्हणतात त्यांनी काढलं. खोटं बोलतात. त्यांच्याकडे मीठ जायचं ते आमच्याकडूनच. दुसरा रिवाज, नावाडी परत येईपर्यंत कोणी उठायचं नाही, मांडीवरचं पोर रडलं तरी. आणि तिसरं भांडण, ते अजून मिटलेलं नाही. होडी सुटते त्या जागी काठावर एक वाकडं झाड आहे. आम्ही म्हणतो ही आमची खाडी, ते झाड आम्ही बघितलंय. रोहेवाले म्हणतात ही आमची कुंडलिका नदी. त्यावरून एकदा तंबूत माणसं एकमेकांच्या अंगावर गेली आणि सायकलवाल्याला मशीन थांबवायला लागलं.

सायकलवाला म्हणजे हाच. रोह्याला त्याचं सायकलींचं दुकान होतं. पण दिवाळीनंतर तो दुकान भावावर टाकून तंबूवाल्याचं मशीन चालवायला जायचा. मीठ मारलं की मागून ओरडायचा, "अरे भिंगात जातंय रे, मिठागऱ्यांनो!" आमची ओळख त्या शिव्यांतून झाली.

मग एका पावसाळ्यात अंबा नदी नागोठण्यात शिरली. तंबूवाल्याचं सामान तिथे एका गोडाऊनमध्ये होतं. तंबू कुजला, खुर्च्या वाहून गेल्या. त्या माणसाचं मनच उडालं. मशीन आणि पिक्चरचे डबे त्याने सायकलवाल्याच्या हवाली केले आणि आपल्या मुलखात निघून गेला, परत कधी आला नाही. सायकलवाल्याने डबे पुसले, उघडले. सगळे नीट होते, फक्त एक सोडून. त्यातलं रीळ ओल्या पापडांच्या चळतीसारखं एकाला एक चिकटलेलं होतं.

गेलं कुठलं रीळ? तर बायको कंदील घेऊन बांधावर उभी राहते इथे आधीचं संपतं. आणि पुढच्याची सुरुवात होते ती नावाडी घरात पाटावर बसून जेवतोय, हाताला फडकं बांधलेलं, आणि खुंटीवर कंदील, त्याची काच फुटलेली. मधलं सगळं गायब. तो आला कसा? काच फोडली कोणी? नवा माणूस बघत असला तर त्याला काही कळायचं नाही.

त्याच पावसाळ्यातली माझ्या घरची एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझं लग्न नुकतं झालं होतं. आमच्या बांधाला खांड गेली, म्हणजे उधाणाच्या पाण्याने बांध फोडला. गावातले सगळे बाप्ये चिखल आणि काटेरी झुडपं घेऊन ती बुजवायला धावले. मी सकाळी घरी आलो तेव्हा कमरेपर्यंत चिखलाचा होतो. बायको दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. माझी आई बसली होती ना समोर. नवी सून सासूपुढे तोंड उघडत नसे. तिने ताट वाढलं. मी जेवलो. ती तशीच उभी. मला वाटलं, बाई थंड आहे.

पाऊस सरल्यावर सायकलवाल्याने रोह्याला पहिल्यांदा तो तुटका पिक्चर लावला. आम्ही गावातून घोळक्याने गेलो. बाप्ये एकीकडे, बायका एकीकडे. गेलेल्या रिळाची जागा आली, तसं मशीनवरचं रीळ संपून नुसता पांढरा उजेड पडद्यावर राहिला. सायकलवाला दुसरा डबा लावायला लागला. पहिल्यांदाच आलेलं कोणीतरी ओरडलं, "अरे मग झालं काय? आला का नाय तो?"

आणि बायकांतून आवाज आला, "आला की! सकाळचा आला. चिखलाचा पुतळा होऊन आला."

मी मान वळवली. ती माझी बायको होती. उभी राहिली होती, पदर कमरेला खोचून, पांढऱ्या पडद्याकडे बघत. आई माझी त्या दिवशी घरी होती. बायकोचा एवढा मोठा आवाज असेल असं मला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "बांधावरून चालत आला आणि हसत आला मेला. म्हणतो, भ्यालीस काय गो? तिच्या हातात कंदील होता. तिनं तो आपटला त्याच्या पायाशी. काच त्याच्या हातात गेली. रगत आलं. तवा कुठं त्याचं हसू गेलं. तिनं पदर फाडला, हात बांधला. मग म्हणाली, माजी आख्खी रात तुज्या खाडीत बुडाली. तिचा हिशेब मी तुज्याकडनं घेनार हाय. पन आदी जेव. मग भांडू."

पांढऱ्या उजेडात चिलटं फिरत होती. ती पडद्याकडेच बघत होती, पण ते बोलणं कोणाला चाललंय ते मला एकट्याला कळलं. मी काय केलं तर मी तिथनं, बाप्यांच्या मधून, "व्हय" म्हणालो.

नुसतं "व्हय." हळू म्हणालो होतो, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं. असा हशा झाला, अशा शिट्ट्या झाल्या, की सायकलवाला पुढचं रीळ लावायचं विसरला. आणि मग ते लागलं तेव्हा पडद्यावर नावाडी मान खाली घालून जेवत होता, हाताला फडकं, खुंटीवर फुटका कंदील. सगळं बरोबर बसलं.

तेव्हापासून तो रिवाज पडला. दर वर्षी दिवाळीनंतर एकदा पिक्चर लागायचा, पेण आणि रोह्याच्या मधे म्हणून कासूला, म्हणजे भांडण नको. पांढऱ्याची जागा आली की ती उठायची. कधी एखादा शब्द इकडचा तिकडे व्हायचा, पण शेवट तोच. आणि शेवटचा "व्हय" माझा. रोहेवाल्यांच्या एका बाईने एकदा स्वतः बोलायचा घाट घातला. लोकांनी तिला बसवली. रिळात मुळात काय होतं ते पुढे आम्हालाच आठवेनासं झालं, आठवायचं ते हिचंच.

पुढे रिळं जुनी होऊन तुटायला लागली, तशी सायकलवाला आणि मी ती घेऊन पेणच्या एका व्हिडिओवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, मी सगळं कॅसेटवर घेतो, मधला कोरा भाग काढून टाकतो. मी म्हणालो, कोरा पण घ्यायचा. तो म्हणाला, आजोबा, कोऱ्यात काही नाही. मी तेव्हा आजोबा नव्हतो. मी म्हणालो, तुला दिसत नाय, ती वेगळी गोष्ट. शेवटी त्याने पांढरा पडदासुद्धा उतरवून घेतला. कॅसेटवरून तो सीडीवर गेला, सीडीवरून पेनड्राइव्हवर. दर वेळी दुकानदार हसला आणि दर वेळी मी उभा राहून पांढरं उतरवून घेतलं.

मग कोरोना आला, पिक्चर बंद पडला. आणि तो सरतो न सरतो तोच एका सकाळी चहाची बशी तिच्या हातातून पडली. उजवी बाजू गेली. पायात पुढे थोडी ताकद आली, हातात आली नाही. आणि तोंडातली सगळी भाषा गेली, एक शब्द सोडून. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द राहतो कुणाकुणाचा. तिला माझा शब्द राहिला. चहा देऊ? व्हय. नको? व्हय. दुखतंय? व्हय. बरं वाटतंय? व्हय.

तिचं सगळं मीच करतो. पोरगी वडखळला दिली आहे, हायवेला तिचं पोह्याच्या पापडांचं दुकान आहे. ती म्हणाली, बाई ठेवू. मी म्हणालो, कशाला? मी उधाणाचं पाणी अडवलंय, मला एक बाई सांभाळता येत नाय? आयुष्यभर लुगडं नेसलेल्या बाईला आता गाऊन घालायला लागतो, तेवढंच मला सोपं. रोज सकाळी निळा गाऊन दाखवायचो, हा घालू? व्हय. की घातला. मला वाटायचं, तिचं मला सगळं कळतं. व्हय एकच असला तरी त्याचे सूर वेगळे असतात, आणि सूर ओळखायला शाळा लागत नाही.

तर त्या दुपारी ओटीवर सायकलवाल्याने मोबाइल काढला. कोणीतरी, कुठल्या तरी शहरात, आपला पिक्चर पुरा, न तुटलेला, इंटरनेटवर टाकला होता. त्यात ते रीळ होतं.

"बघतोस?"

"नाय."

"लेका, इतकी वर्षं..."

"नाय म्हटलं ना."

त्याने मोबाइल खिशात घातला. मग म्हणाला, "ह्या वर्षी परत लावू. लोक विचारतायत. माझा पुतण्या म्हणतो, रीळ जागच्या जागी जोडून देतो. पुरा पिक्चर."

"आणि पांढरं?"

"पांढरं कशाला आता? आता रीळ हाय. आणि बोलणारं माणूस पण..." तो थांबला.

"बोल की."

"तसं नाय रे."

"तसंच हाय. तिला चालणार नाय. तिची जागा हाय ती. ती जागा बुजवलीस की मग ती तिथं जाऊन करील काय? खुर्चीत बसून बघील, पावण्यासारखी?"

"तू विचारलंस तिला?"

मी दारातून आत तोंड केलं. "गो, ते रीळ नको ना?"

"व्हय," ती म्हणाली.

"बघ. नको म्हणते."

सायकलवाला हसायला लागला आणि माझं तोंड बघून थांबला. जाताना चपला घालत म्हणाला, "मी दिवाळीपर्यंत थांबतो. पण थांबायला मी पण ऐंशीला आलोय, मिठागऱ्या."

पोरीला हे त्यानेच फोनवर सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी ती पापडांची पिशवी घेऊन आली, ती ओटीवर टाकली आणि उभ्या उभ्याच सुरू झाली.

"बाबा, तू तिला 'नको ना' विचारलंस. 'पायजे ना' विचारलं असतंस तरी व्हयच आलं असतं."

"मला कळतं तिचं."

"तुला तुजं कळतं. तेच तू तिच्या तोंडात घालतोस आणि तेच तिच्याकडनं ऐकतोस."

"तू तुजे पापड वीक जा."

"विकते. पन एक सांग, निळा रंग तिला कवा आवडला होता?"

खरंच, तिच्या पेटीत निळं लुगडं एकसुद्धा नव्हतं. हिरवी होती, किरमिजी होती. निळा गाऊन मी पेणच्या बाजारातून आणला होता, कारण दुकानात तो पुढे टांगलेला होता.

पोरगी आत गेली आणि आईच्या खाटेवर बसली. मोबाइल काढला. मला कळलं ती काय करतेय. अडवावं असं आलं मनात, पण अडवायला आत जायला लागलं असतं, आणि आत गेलो असतो तर मला पण ते बघायला लागलं असतं. मी कोयता घेऊन मागच्या परसात गेलो आणि झावळ्या तोडायला लागलो. झावळ्या आदल्या दिवशीच तोडून झाल्या होत्या. मी त्याच परत तोडत होतो.

माझ्या डोक्यात एकच होतं. त्या रिळात नावाड्याची बायको बोलणार. कुठलीतरी शिकलेली नटी, चांगल्या आवाजात, लेखकाने लिहून दिलेलं. आणि ही ऐकणार. तिला आता बोलता येत नाही, आणि हिच्या जागेवर ती बाई बोलणार. मग हिच्याकडे राहिलं काय?

तेवढ्यात आतून आवाज आला. मी कोयता टाकून धावलो. मला वाटलं, परत झटका आला. दारात पोचलो तर ती हसत होती.

आजारानंतर ती हसली नव्हती. हसताना आता तिचं अर्धंच तोंड वर जातं, अर्धं तसंच राहतं, पण डोळे दोन्ही हसत होते आणि त्यातून पाणी वाहत होतं. पोरगी पदरात तोंड घालून हलत होती. मी विचारलं काय झालं, तर पोरीने मोबाइल माझ्यापुढे धरला. आणि मी बघितलं, नाइलाज होता.

त्या रिळात नावाड्याची बायको काही बोलतच नाही! ती बांधावर उभ्या उभ्या स्वप्नात जाते आणि स्वप्नात एक गाणं होतं, त्यात ती दोघं कुठल्याशा बागेत नाचतात. बागेत! मग एक डॉक्टर येतो आणि त्याच्याबरोबर एक ढेरपोट्या कंपाउंडर. नावाडी जिवंत आहे, हाताला खरचटलंय, खोताच्या बैलगाडीतून त्याला घरी आणतात. कंपाउंडर घाईघाईत मागे सरतो, अडखळतो आणि बुडावर पडतो. कुठे? तर कंदिलावर. काच फुटते. संपलं.

पोरीने ती जागा परत लावली. कंपाउंडर परत कंदिलावर बसला. माझी बायको परत हसली, आणि डाव्या हाताने खाटेवर थाप मारून म्हणाली, "व्हय!" म्हणजे परत लाव. हे मी सांगत नाही, पोरीने परत लावलं आणि ती परत हसली, त्यावरून कळलं.

मला राग आला. खरं सांगतो, खूप राग आला. इतकी वर्षं तो कंदील तिच्या रागाने फुटत होता आणि खरं म्हणाल तर तो कंपाउंडरच्या बुडाखाली फुटला होता? पण ज्या गोष्टीपासून मी तिला जपत होतो, ती बघून तिला हसू आलं होतं. आणि मी बाहेर झावळ्या तोडत बसलो होतो.

चार दिवस गेले. मग सायकलवाल्याला फोन लावला. "पिक्चर लाव. पांढरं आहे तिथंच राहील. आणि ते सापडलेलं रीळ शेवटाला लाव, पिक्चर संपल्यावर. ज्याला बघायचं त्यानं बघावं."

"बरं. आणि पांढऱ्यात बोलणार कोण?"

"मी."

"तू? लेका, तुला सगळ्या पिक्चरमध्ये एक शब्द होता!"

"मी बोलतो म्हटलं ना."

"मग तुजा शब्द कोण बोलणार?"

मी फोन ठेवला. उत्तर मला माहीत होतं, पण ते माझ्या हातातलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी कासूला, स्टेशनपलीकडच्या मैदानात पडदा लागला. म्हातारे आले, पोरांच्या मोटरसायकलींवर मागे बसून. त्यांची नातवंडं आली, ज्यांनी आपला पिक्चर कधी बघितलेलाच नव्हता पण खोताचे बोल त्यांना पाठ होते. मी मिठाची अर्धी गोण नेली होती. पोरीने दुपारी येऊन आईला हिरवं लुगडं नेसवलं होतं, आणि रिक्षाने आम्ही तिला आणून बायकांच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मी तिच्या पायाशी खाली बसलो.

"काय ओ, वाट चुकलात?" एक बाई म्हणाली. "बाप्ये तिकडं."

"आज मी हितंच."

"मग पदर तरी घ्या डोक्यावरनं!"

बायका खिदळल्या. मी टोपी नीट केली आणि बसून राहिलो.

पिक्चर सुरू झाला. खोत आला, मीठ उडालं, सायकलवाला मागून ओरडला, आता ते जुनं मशीन नव्हतं तरी ओरडला. होडी सुटली, वाकडं झाड आलं, दोन्हीकडून आरडाओरड झाली. बायको कंदील घेऊन बांधावर आली. आणि पडदा पांढरा झाला.

मी उठलो. तिच्या खुर्चीची पाठ धरली. "आला," मी म्हणालो. "सकाळचा आला. चिखलाचा पुतळा होऊन आला. आणि... थकून आला बिचारा."

"व्हय," खालून ती म्हणाली. खाडकन.

लोक हसले. मला कळलं. "हसत आला," मी म्हणालो. "हसत आला मेला. म्हणतो, भ्यालीस काय गो? तिच्या हातात कंदील होता. तो तिच्या हातून पडला..."

"व्हय!" तिने डाव्या हाताने माझं धोतर ओढलं.

"आपटला! तिनं आपटला, त्याच्या पायाशी." आता सगळं मैदान हसत होतं. "काच हातात गेली. तिनं पदर फाडून बांधलं. मग म्हणाली..."

हे शब्द मी इतकी वर्षं समोरून ऐकले होते, कधी माझ्या तोंडून काढून बघितले नव्हते. तोंडातून निघताना ते वेगळे लागतात. तिने तेव्हा कसे काढले असतील, सासूच्या घरातल्या नव्या सुनेने, एवढ्या लोकांत?

"म्हणाली, माजी आख्खी रात तुज्या खाडीत बुडाली. तिचा हिशेब मी तुज्याकडनं घेनार हाय. पन आदी जेव. मग भांडू."

मी थांबलो. आणि बाप्यांच्या बाजूने एकदम, सगळ्यांनी मिळून, आरोळी ठोकली, "व्हय!"

त्यांनी आपसात ठरवलं होतं. म्हाताऱ्याची फजिती नको म्हणून. सायकलवाल्याचंच काम असणार. पण तिने डावा हात वर केला. तळवा त्यांच्याकडे करून, जसा आम्ही बांधावरून लांबच्या होडीला थांब म्हणतो तसा. आरोळी बसली. स्टेशनात एक गाडी उभी होती, ती निघून गेली. ती पांढऱ्या पडद्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता नाही येत. मला वाटलं, तिच्याकडे एक शब्द होता, तो पण गेला.

मग ती म्हणाली, "व्हय."

हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. त्याचा सूर मी ओळखायला गेलो आणि मला ओळखता आला नाही. रागाचा नव्हता, हो म्हणणारा पण नव्हता, माझ्यासारखा शरमून काढलेला पण नव्हता. तो तिचा काय होता तो होता. मी त्याचा अर्थ लावला नाही. खाली बसलो. पडद्यावर नावाडी जेवायला लागला.

पिक्चर संपल्यावर सापडलेलं रीळ लागलं. बागेतल्या गाण्यावर पोरांनी शिट्ट्या मारल्या. कंपाउंडर कंदिलावर बसला तेव्हा असा हशा झाला की म्हाताऱ्यांना ठसका लागला, आणि सगळ्यात मोठ्याने माझी बायको हसली. त्या रिळात काठावरचं एक देऊळ पण दिसलं, ते ना पेणकडचं निघालं ना रोह्याकडचं. त्यावर दोन्हीकडचे लोक एकमेकांना म्हणाले, देऊळ नंतर पडलं असणार. सायकलवाला सामान बांधता बांधता मला म्हणाला, "पुढच्या वर्षी पण असंच लावायचं काय?" मी म्हणालो, "तिला विचारू." तो म्हणाला, "कसं?" मी म्हणालो, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठवून बसवलं, तोंड धुतलं, चहा पाजला. मग निळा गाऊन आणला आणि आदल्या दिवशीचं हिरवं लुगडं आणलं. दोन्ही खाटेवर तिच्यापुढे ठेवली आणि काही विचारलं नाही. तोंड मिटून समोर बसलो. ती माझ्याकडे बघत राहिली, मी कधी बोलतो म्हणून. मी नाही बोललो. बऱ्याच वेळाने तिने डावा हात उचलला आणि हिरव्यावर ठेवला.

लुगडं नेसवणं मला येत नव्हतं. तिला खिडकीचा गज धरून उभी केली आणि नेसवलं. कासोटा खोचला. ती माझ्या अंगाला टेकली, डावा हात मागे नेऊन तिने तो ओढून बघितला, तो सुटला. मी पहिल्यापासून परत नेसवायला घेतलं.